माशांचे बिऱ्हाड

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातात, तेव्हा तिथले रहिवासी काही वर्षांसाठी दुसरीकडे भाड्याने राहायला जातात. कोणी जवळच घर पाहतो, कोणी कळव्याला, तर कोणी थेट डोंबिवली-कल्याणला. नवी इमारत उभी राहिली की हीच बिऱ्हाडे परत येतात. टेम्पोत कपाट चढते, गाद्या चढतात, शिवणयंत्र चढते. सर्वांत शेवटी प्रश्न उरतो तो बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीचा. ती कपाटासारखी उचलून चालत नाही आणि रिकामी करून कागदात गुंडाळली तरी भागत नाही, कारण तिच्यात कोणीतरी राहत असते.

या स्थलांतराचा शेवट बहुधा दोन प्रकारांनी होतो. काही मासे वाटेतच दगावतात. त्याचे कारण कळण्यासारखे असते. दुसरा प्रकार मात्र माणसाला चक्रावून टाकणारा आहे. मासे नव्या घरी सुखरूप पोचतात, स्वच्छ धुतलेल्या टाकीत, स्वच्छ पाण्यात मजेत पोहतात, आणि आठवड्याभरात एकामागून एक मरू लागतात. मग घरात कुजबुज सुरू होते. ‘जागा लाभली नाही’ असे एक जण म्हणतो. ‘घरावरचे संकट माशांनी अंगावर घेतले’ असे दुसरा म्हणतो. टाकीची दिशा चुकली असे सांगणाराही भेटतोच. मुले हे सगळे ऐकत असतात, आणि बहुतेकदा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला मृत्यू असतो.

या मृत्यूचा खरा खुलासा विज्ञानाला एका दिवसात सापडलेला नाही. त्यासाठी लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाची आणि त्याच्या मुलाची अशा दोन पिढ्या लागल्या. पण तिथे पोचण्यापूर्वी जिवंत मासे एका जागेहून दुसरीकडे नेण्याची कला माणूस कशी शिकला, हे पाहावे लागेल.

हंडी का हलवायची?

गोल्डफिश हा शोभेच्या माशांतला सर्वांत जुना प्रवासी. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात त्याची जोपासना सुरू झाली, तिथून तो जपानला गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पोचला. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, काटक मासा. इतर माशांना न सोसणारे पाणी त्याला सोसते. म्हणूनच शिडाच्या जहाजावरचा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास त्याला जमला. माशांच्या स्थलांतराच्या इतिहासात आधी काटक मासे हलले आणि नाजूक माशांना विज्ञानाची वाट पाहावी लागली.

आपल्याकडे ही कला शोभेसाठी नव्हे, तर पोटासाठी वाढली. पावसाळ्यात बंगालच्या नद्यांना पूर आला की रोहू, कटला, मृगळ या माशांची अगदी कोवळी पिल्ले, म्हणजे मत्स्यबीज, बारीक जाळ्यांनी गोळा केले जाई. ते तळ्यांत सोडायचे तर आधी तिथवर जिवंत पोचायला हवे. त्यासाठी मातीच्या हंड्या वापरीत. कावडीवर आणि नंतर रेल्वेच्या डब्यातून या हंड्या दूरदूरच्या प्रांतांत जात. हंडीच्या मातीतून पाणी पाझरते, पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडते आणि आतले पाणी गार राहते. माठातल्या पाण्याचेच हे तत्त्व. हंडीबरोबर जाणारा माणूस ती सारखी हेलकावत असे किंवा हाताने पाणी खळबळवत असे. निघण्यापूर्वी पिल्लांना काही काळ उपाशी ठेवले जाई. पाण्यात थोडी तांबडी माती कालवण्याचीही पद्धत होती. मातीचे कण पाण्यातली घाण आपल्याबरोबर घेऊन खाली बसतात.

या तिन्ही युक्त्या त्या लोकांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेल्या नव्हत्या. पण प्रत्येकीमागचे विज्ञान आज आपण आकड्यांत मांडू शकतो. वर्गात हा हिशेब जरूर करून पाहावा.

तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लीटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. एक लीटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर असलेल्या हवेत पाण्याच्या तुलनेने छत्तीसपट ऑक्सिजन आहे. मग मासा गुदमरतो का? कारण हवेतला ऑक्सिजन स्थिर पाण्यात अतिशय सावकाश उतरतो. पाण्यातला त्याचा विसरणाचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी आहे. पाणी अजिबात हलले नाही, तर केवळ विसरणाने दहा सेंटिमीटर खोल जायला ऑक्सिजनला जवळजवळ महिना लागेल! हंडी हेलकावली की वरचे पाणी खाली आणि खालचे वर येते, आणि महिन्याचे काम क्षणात होते. हंडी हलवणारा माणूस रात्री डब्यात डुलकी घेत असेल, तेव्हा त्या पिल्लांचे काय होत असेल याची कल्पना करावी.

उपास घडवण्याचे कारण याच्याशीच निगडित आहे. पोट भरलेला मासा पचनासाठी जास्त ऑक्सिजन वापरतो आणि पाणी जास्त घाण करतो. म्हणून घर बदलण्याच्या आदल्या दिवसापासून माशांना खाणे देऊ नये, असे जे सांगितले जाते ते अगदी योग्य आहे. ‘बिचारे प्रवासाला निघालेत’ म्हणून घरातली आजी त्यांना निघताना दोन घास जास्त घालते. ही माया माशांना महागात पडते.

खिडकीशी उभी असलेली मोलकरीण

इंग्लंडमध्ये हाच धडा एका वेगळ्या घरात गिरवला गेला. १८४६ साली ॲना थिन ही सरदार घराण्यातली बाई समुद्रकिनाऱ्यावरच्या टॉर्की गावी गेली होती. तिथे तिला खडकावर वाढणारी प्रवाळे दिसली आणि ती लंडनला न्यावीत असे तिच्या मनाने घेतले. प्रवासात ती दगडी बरणीत एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ती एका स्पंजवर शिवून टाकली! लंडनला पोचल्यावर समुद्राचे पाणी रोज कुठून आणणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात असे ओतत राहण्याची व्यवस्था केली गेली. रोज अर्धा-पाऊण तास हे काम घरातली मोलकरीण करी. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातले, आणि ही प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगली.

बाईंचे नाव इतिहासात राहिले, मोलकरणीचे राहिले नाही. बंगालच्या हंडीवाल्यांचीही नावे कुठे नोंदलेली नाहीत. माशांच्या प्रवासाचे विज्ञान बऱ्याच अंशी अशाच दुखऱ्या हातांनी घडवले आहे. आज आपण टाकीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप लावतो. तो दुसरेतिसरे काही करत नाही. तो त्या मोलकरणीची जागा घेतो. बुडबुड्यांतला ऑक्सिजन थेट विरघळतो तो थोडाच. त्यांचे मोठे काम म्हणजे तळाचे पाणी वर आणून हवेला भेटवणे.

थिनबाईंच्या बरणीत शेवाळाने जे केले, त्याचे रसायनशास्त्र तोवर माहीत झालेले होते. जोसेफ प्रीस्टली याने १७७० च्या दशकाच्या आरंभी दाखवले होते की, मेणबत्तीने ‘बिघडवलेली’ हवा वनस्पती पुन्हा सुधारतात. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने त्यासाठी उजेड लागतो हे सिद्ध केले. ही कल्पना पद्धतशीरपणे पाण्यात नेण्याचे श्रेय रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ मध्ये स्थापन झाली, ती मुख्यत्वे याच्या खटपटीमुळे.

वॉरिंग्टनने १८४९ मध्ये एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. मासे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण अपुरा. काही दिवसांत वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. मग त्याने पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेला भाग खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी नितळ झाले. १८५० च्या मार्चमध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांचा तोल साधला की पाणी बदलावे लागत नाही, असा त्याचा निष्कर्ष. ‘संतुलित मत्स्यालय’ ही कल्पना येथे जन्मली आणि पुढे कितीतरी शालेय पुस्तकांत जाऊन बसली.

ठाणेकरांसाठी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, हे इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता आणि आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. मध्यमवर्गाच्या बैठकीत काचेची टाकी आली ती या दोन गोष्टींमुळे. आपल्या मुंबईला सार्वजनिक मत्स्यालय मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन त्या वर्षी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि मुंबई-ठाण्याच्या कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचा मासा प्रथम पाहिला तो शाळेच्या सहलीत, तिथे.

शंभरातले बावीस

१८६९ मध्ये चीनमधल्या फ्रेंच वकिलाने पॅराडाइज फिश नावाच्या रंगीत माशांची एक तुकडी जहाजाने फ्रान्सला पाठवली. शंभर मासे निघाले, बावीस पोचले. ते पॅरिसच्या प्येर कार्बोनिए याच्या हाती गेले आणि त्याने त्यांची वीणही घेतली. उष्ण प्रदेशातले शोभेचे मासे घरी पाळण्याच्या छंदाची सुरुवात बहुतेक अभ्यासक इथून मानतात.

पण हे बावीस जगले कसे? जहाजावर ना पंप होता, ना ऑक्सिजनची टाकी. उत्तर त्या माशाच्या शरीरात आहे. पॅराडाइज फिशच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचा एक अवयव असतो. त्यात भरपूर रक्त खेळते. मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो आणि या अवयवातून त्या हवेतला ऑक्सिजन शोषतो. गुरामी आणि फायटर हे याच कुळातले. क्रॉफर्ड मार्केटात चहाच्या पेल्याएवढ्या बाटलीत फायटर मासा तरंगताना आपण पाहतो, ते याच बळावर. (त्या बाटलीत त्याला मरण येत नाही, याचा अर्थ तिथे त्याला बरे वाटते असा नाही.) मात्र पिशवी पाण्याने काठोकाठ भरून वर हवेला जागाच ठेवली नाही, तर हाच काटक मासा गुदमरू शकतो.

थंड पाण्यातल्या माशांची अडचण उलटी होती. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि तापलेल्या माशाला तो जास्त लागतो. फ्रान्सिस डे हा मद्रास फौजेतला डॉक्टर. भारतातील माशांवरचा त्याचा ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात. १८६३ मध्ये त्याने निलगिरीत ट्राउट मासा आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १८६४ मध्ये इंग्लंडहून ‘नॉरफोक’ जहाजाने ट्राउट आणि सामनची अंडी ऑस्ट्रेलियाकडे निघाली, ती ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाखाली ठेवलेली होती. विषुववृत्त ओलांडून, सुमारे तीन महिन्यांनी त्यांतली बरीच अंडी टास्मानियात जिवंत पोचली. थंडीने वाढ मंदावते आणि मंद जिवाला ऑक्सिजन कमी लागतो, हे त्यामागचे गमक. काश्मीरच्या ट्राउटचे मूळही अशाच अंड्यांत आहे. १८९९ ची पहिली खेप मेली, दुसरी १९०० मध्ये स्कॉटलंडहून आली, ती जगली.

आपल्या घरच्या माशांना बर्फ नको. ते उष्ण प्रदेशातलेच. पण मे महिन्याच्या दुपारी टेम्पोच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, पाण्याची पिशवी तासभर ठेवली तर काय होईल, हे वरच्या दोन वाक्यांवरून मुलांना सांगता यावे. मासे पहाटे हलवावेत किंवा दिवस कलल्यावर, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात.

पिशवीतले रसायन

पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये लागला. १९५० च्या दशकापासून पॉलिथिनच्या पिशवीत थोडे पाणी, मासे आणि वर दाबाने भरलेला शुद्ध ऑक्सिजन, अशी पद्धत रूढ होत गेली. भारतातल्या मत्स्यबीजाची फुटणारी हंडी हळूहळू मागे पडली. याच दशकात, १० जुलै १९५७ रोजी, डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल येथे पीयूषिकेच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्पजातीय माशांची वीण घडवली. त्यामुळे नदीच्या पुराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, आणि पिशवीत भरायला बीज मुबलक झाले. या दोन गोष्टी जोडीने आल्या नसत्या, तर आज विदर्भातल्या तलावांत रोहू-कटला इतके दिसले नसते, असे मला वाटते.

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश वायू हे प्रमाण ठेवतात. का ते पाहू. समजा, तीन लीटरच्या पिशवीत एक लीटर पाणी, दोन लीटर साधी हवा आणि दहा ग्रॅम वजनाचा एक मासा आहे. असा मासा तासाला ढोबळमानाने तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतो असे धरा. नुसत्या पाण्यातल्या साडेसात मिलिग्रॅमवर तो दोन तासही धड काढणार नाही. हवेतले ५४० मिलिग्रॅम हिशेबात धरले, तर कागदावर त्याचा आठवडा निघतो! म्हणून वर्तकनगरहून डोंबिवलीला जाण्यासाठी शुद्ध ऑक्सिजनची मुळीच गरज नाही. शिळफाट्याची कोंडी धरली तरी साधी हवा पुरते. पिशवी उभी न ठेवता आडवी ठेवली की पाण्याचा पृष्ठभाग वाढतो. टेम्पोचे हेलकावे बाकीचे काम करतात. वर्तकनगरच्या रस्त्यावरचे खड्डे निदान इथे तरी उपयोगी पडतात.

तरीही प्रत्यक्षात मासा पिशवीत आठवडा काढत नाही, कारण तो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम आयनाच्या रूपात राहतो आणि तो फारसा विषारी नसतो. २५ अंशांना सामू ७ असेल, तर विषारी रूपातला अमोनिया एकूणाच्या अर्धा टक्का एवढाच असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो आणि ९ झाला की ३६ टक्क्यांवर. म्हणजे माशाने सोडलेला एक वायू त्याला दुसऱ्याच्या विषापासून वाचवत असतो.

आता पिशवी उघडा. सोडावॉटरच्या बाटलीसारखा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया एकाएकी विखारी होतो. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडी करून मासे तासभर त्याच पाण्यात ठेवणे घातक. बंद पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, तापमान सारखे झाले की उघडावी, टाकीतले थोडे पाणी तिच्यात घालावे आणि लगेच जाळीने मासे उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी मोरीत.

मुलाने सोडवलेले बापाचे कोडे

आता त्या आठवड्यानंतरच्या मृत्यूंकडे येऊ.

वॉरिंग्टनच्या टाकीत मासा, वनस्पती, गोगलगाय असे तीन भिडू होते. चौथा त्याला दिसला नाही, आणि दिसणे शक्यही नव्हते. माशांचा अमोनिया कुठे जात होता? काही वनस्पती घेत होती, पण सगळा नव्हे.

१८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या लांब नळीत वाळू आणि चुनखडीचा चुरा भरला आणि वरून गटाराचे पाणी सावकाश सोडत राहिले. वीस दिवस काही घडले नाही. वरून जाणारा अमोनिया खाली तसाच बाहेर पडत होता. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले, आणि ते इतके वाढले की अमोनिया नाहीसाच झाला. वाळू तर पहिल्या दिवसापासून तीच होती. क्रिया रासायनिक असती तर वीस दिवस थांबली का? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट तयार होणे थांबले. वाफ काढून टाकल्यावरही ते सुरू झाले नाही. बागेतल्या मातीचे धुवण नळीत घातले तेव्हाच पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम करणारे काहीतरी जिवंत होते.

हे वाचून इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत एका रसायनशास्त्रज्ञाने हाच विषय हाती घेतला. त्याचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. त्याचे नावही तेच. १८६७ मध्ये वडील वारले होते. मुलाने दहा-बारा वर्षे चिकाटीने प्रयोग करून दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते. एक जीव अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जीव वेगळे करून वाढवणे मात्र त्याला साधले नाही. ते १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये केले. वडिलांच्या टाकीतला चौथा भिडू कोण, हे अशा रीतीने मुलाच्या कामातून उलगडले. हे दोघांपैकी कोणाच्या मनात आले असेल का, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

हे जीवाणू पाण्यात मोकळे फार कमी असतात. ते खड्यांना, काचेला आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. आपल्या नजरेला तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे मळ. बिऱ्हाड हलवताना आपण काय करतो? ‘नव्या घरात स्वच्छ करूनच लावू’ म्हणून टाकी घासतो, खडे गरम पाण्याने धुतो, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करतो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते. तो स्पंजमधल्या जीवाणूंवरही तेच काम करतो. मग टाकी श्लोझिंग-म्युंट्झच्या नळीसारखी होते, पहिल्या दिवशीची. अमोनिया साठत जातो. जीवाणूंची संख्या पुन्हा पुरेशी व्हायला तीन-चार आठवडे लागतात, कारण ते फार सावकाश दुणावतात. मासे मरतात ते नेमके या अवधीत. घर कोणत्या दिशेचे आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून स्पंज आणि खडे धुवू नयेत. ते जुन्याच पाण्यात भिजलेले ठेवून न्यावेत. डबा घट्ट बंद करू नये, कारण या जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. जुने पाणी जेवढे नेता येईल तेवढे झाकणाच्या बादलीत न्यावे. उरलेले नवे पाणी दिवसभर उघडे ठेवावे किंवा हायपोचे दोन-चार खडे घालून क्लोरीन घालवावा. पहिला आठवडा खाणे निम्मे. टाकी मात्र पूर्ण रिकामी करूनच उचलावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साडेछप्पन्न किलो पाणी मावते, आणि अर्धी भरलेली टाकी उचलताना तिचे सांधे सुटतात.

या जीवाणूंची कथा इथे संपलेली नाही. शतकभर पुस्तकांत ‘नायट्रोबॅक्टर’चे नाव दुसऱ्या टप्प्यासाठी छापले जात होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खऱ्याखुऱ्या मत्स्यालयांची तपासणी झाली, तेव्हा तिथे नायट्रोबॅक्टर जवळजवळ नव्हतेच. काम करत होते नायट्रोस्पिरा. आणि २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिरा सापडले. त्यांतले काही सापडले ते मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमध्ये.

उपवनात सोडू का?

घर लहान मिळाले, टाकी ठेवायला जागा नाही, मग मासे कुठे? वर्तकनगरपासून उपवन तलाव हाकेच्या अंतरावर आहे, आणि ‘बिचारे मोकळे राहतील’ हा विचार सहज सुचतो. याबाबतीत इतिहास बराच बोलका आहे. त्रिनिदादमधले शाळांचे तपासनीस लेचमियर गप्पी यांनी लंडनला धाडलेल्या एका चिमुकल्या माशाला १८६६ मध्ये त्यांचे नाव मिळाले. तोच आपला गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो जगभर नेला गेला. १९२८ मध्ये भारतात गॅम्बुसिया आला, तोही डासांसाठीच. १९५२ मध्ये तिलापिया आणला गेला, तो खाण्यासाठी. आज तो ‘चिलापी’ या नावाने आपल्या धरणांत-तलावांत ठाण मांडून आहे, आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा त्याने व्यापली आहे. टाकीची काच चाटणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. तो लहान असताना गोड दिसतो, पण फूटभर वाढतो, आणि लोकांनी टाकीतून काढून सोडलेले सकर देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत. तेव्हा नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा शाळेच्या टाकीसाठी मागून घ्यावेत.

शाळेत अशी टाकी आली, तर वॉरिंग्टन मुलाचा प्रयोग विद्यार्थ्यांना रोज करता येईल. नायट्राइट ओळखण्यासाठी तो ग्रीसची कसोटी वापरत असे. पीटर ग्रीस हा मद्याच्या कारखान्यात काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याने शोधलेली ही रंगक्रिया आज मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणी-संचात असते. नव्या टाकीतले पाच मिलिलीटर पाणी परीक्षानळीत घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग तारखेसह वहीत नोंदवायचा. पहिले काही दिवस रंग येत नाही. मग गुलाबी छटा दिसते, ती गडद होत जांभळट होते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी नळीतले पाणी पुन्हा बिनरंगी राहते. दुसऱ्या टाकीत जुन्या टाकीचा न धुतलेला स्पंज ठेवून तीच नोंद शेजारच्या रकान्यात करावी.